प्रमाणपत्र उशिरा आले, की निकालच उशिरा लागला?

डिचोलीच्या एका वाचकांचे पत्र आहे. सरकारी आयटीआयमध्ये ते लेक्चर बेसिसवर इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतात. कायम इन्स्ट्रक्टरच्या भरतीत लेखी परीक्षेत वरचा क्रमांक मिळाला, पण कागदपत्रे तपासताना सीआयटीएसचे (आयटीआय इन्स्ट्रक्टरसाठीच्या प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचे निघाले आणि नाव कापले गेले. आता कोर्टात जावे का, असे ते विचारतात. प्रत्येक भरतीनंतर अशी पत्रे येतात.

तुमचा अनुभव, पंधरा वर्षांचा निवासी दाखला, कोकणी येते की नाही, यावर कुणाची हरकतच नाही. तरी पत्राची दोन पाने त्यातच गेली आहेत. हवी होती ती एक ओळ मात्र सापडली नाही: सीआयटीएसचा निकाल कोणत्या तारखेला जाहीर झाला?

परीक्षा शेवटच्या तारखेआधी दिली, एवढ्याने भागत नाही. अशोककुमार शर्मा प्रकरणात उमेदवारांनी परीक्षा आधीच दिली होती, निकाल मुदतीनंतर पण मुलाखतीपूर्वी लागला. सर्वोच्च न्यायालयाने आधी ते चालवून घेतले आणि 1997 मध्ये स्वतःचाच निर्णय फिरवला. पात्रता शेवटच्या तारखेलाच हवी. तुमचा निकाल नंतरचा असेल तर वकिलाची फी वाचवा.

निकाल आधी लागून छापील प्रमाणपत्र तेवढे मागाहून आले असेल, तर गोष्ट वेगळी. पात्र असणे आणि पात्रतेचा पुरावा देणे यात न्यायालयाने 1980 मध्ये चार्ल्स स्कारिया प्रकरणात फरक केला. तो खटला वैद्यकीय प्रवेशाचा होता, नोकरभरतीचा नव्हे. शिवाय जाहिरातीतली अट नेमकी कशी लिहिली आहे तेही वाचावे लागेल. म्हणून हमी देत नाही. पण भांडायला जागा आहे.

आता उशिराबद्दल. नाव कापून दहा महिने झाले आणि तुम्ही निवेदनांवर निवेदने देत बसलात. खात्याने उत्तर दिले नाही म्हणून तुमचा उशीर माफ होत नाही. उच्च न्यायालयातल्या रिट अर्जाला ठरावीक कालमर्यादा नसली, तरी मधल्या काळात निवडलेले लोक रुजू होतात, आणि मग न्यायालय पहिला प्रश्न तुम्हालाच विचारते. त्या लोकांनाही प्रतिवादी करावे लागेल. नाहीतर अर्ज तिथेच अडतो. पर्वरीला, उच्च न्यायालयात, सुनावणी कधी लागेल ते आम्हा वकिलांनाही सांगता येत नाही, निदान अर्ज तरी वेळेवर पडू दे. गुणवत्ता यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, पण त्याच्या तीस दिवसांची वाट पाहत थांबू नका.

वकिलाकडे जाताना जाहिरात, निकालाची तारीख असलेली गुणपत्रिका आणि भरलेल्या अर्जाची प्रत न्या. अर्जात तेव्हा ‘उत्तीर्ण’ लिहिले होते की ‘निकाल प्रलंबित’, ते आधी स्वतः पाहा. निकाल लागण्यापूर्वीच ‘उत्तीर्ण’ लिहिले असेल, तर कोर्टाची पायरी चढू नका.