कामाच्या ठिकाणचं इंग्रजी शिकवणारे पाठ: संपादनात काय तपासायचं

तुमचा प्रश्न असा: कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या इंग्रजीचे पाठ पाच-सहा जण मिळून लिहिताहेत, प्रत्येकाची धाटणी वेगळी पडतेय, तर सगळ्यांना लागू होईल अशी संपादनाची नियमावली कशी करावी?

बहुतेक गट सुरुवात स्पेलिंग आणि विरामचिन्हांपासून करतात. ते शेवटी करा. ब्रिटिश की अमेरिकन हा निर्णय एका ओळीचा आहे: एक शब्दकोश ठरवा, त्यात पहिलं दिलेलं स्पेलिंग सगळीकडे वापरा. खरी मेहनत उदाहरणवाक्यांवर लागते. शिकणारा नियम विसरतो, पण वाक्य जसंच्या तसं उचलतो आणि दुसऱ्या दिवशी मेलमध्ये टाकतो. म्हणून पहिला नियम असा ठेवा: हे वाक्य कोण, कोणाला, कुठे आणि कशासाठी म्हणतंय, हे पाठातल्या प्रत्येक वाक्याबद्दल लेखकाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर वाक्य काढायचं.

त्यासाठी मसुद्यात प्रत्येक वाक्यापुढे चार रकाने ठेवा: बोलणारा, ऐकणारा, माध्यम, हेतू. छापताना रकाने काढता येतात, पण लिहिताना ते भरलेच पाहिजेत. ‘सेंड मी द रिपोर्ट बाय फाइव्ह’ हे वाक्य घ्या. व्याकरणात काहीही चूक नाही. रोज सोबत काम करणाऱ्या सहकाऱ्याला चॅटवर ते चालून जातं. ग्राहकाला मेलमध्ये लिहिलं तर हुकूम वाटतो. ‘कुड यू सेंड मी द रिपोर्ट बाय फाइव्ह?’ दोन्हीकडे चालतं. आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली सेंड मी द रिपोर्ट’ हे रोजच्या साध्या मागणीला लावलं तर ऐकणाऱ्याला त्यात नाराजीचा किंवा टोमण्याचा वास येऊ शकतो. पाठात ही तीन वाक्यं ‘विनंतीचे तीन प्रकार’ या मथळ्याखाली एकाखाली एक दिली, की शिकणारा सर्वांत लांब वाक्याला सर्वांत चांगलं समजतो. चार रकाने भरलेले असले की ही गफलत संपादकाच्या लगेच लक्षात येते.

आता पातळी. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली सीईएफआर चौकट, म्हणजे भाषा किती येते याच्या ए1 (नवखा) ते सी2 (निष्णात) अशा सहा पातळ्या, बहुतेकांना माहीत असते. पण पाठावर नुसतं ‘बी1’ लिहिल्याने कोणालाच काही कळत नाही. उद्दिष्ट कामाच्या भाषेत लिहा: ‘माल उशिरा पोचणार असल्याचं ग्राहकाला चार-पाच वाक्यांच्या मेलने कळवता येईल, त्यात कारण आणि नवी तारीख दोन्ही असतील.’ उद्दिष्टात ‘समजेल’, ‘माहिती होईल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ अशी क्रियापदं चालणार नाहीत, कारण ती तपासता येत नाहीत.

नव्या शब्दांना मर्यादा हवीच. कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं वाचनावरच्या संशोधनात दिसलं आहे. पाठात स्पष्टीकरण हाताशी असतं, म्हणून 95 टक्क्यांपर्यंत उतरायला हरकत नाही. म्हणजे 200 शब्दांच्या संवादात जास्तीत जास्त दहा नवे शब्द. कोणते शब्द ओळखीचे धरायचे, यासाठी न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट ही इंग्रजीत सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे 2800 शब्दांची यादी चांगला पाया आहे. मात्र यादीत नाही म्हणून ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘हार्नेस’ काढू नका. ज्या शब्दावाचून ते काम होत नाही, तो पहिल्या पातळीच्या पाठातही राहतो. त्याऐवजी आसपासची वाक्यं सोपी करा.

संवादांकडे जास्त कडक नजरेने पाहा. लिहिलेल्या संवादात माणसं पाळीपाळीने, पूर्ण वाक्यांत, एकमेकांचं सगळं पहिल्या फटक्यात समजून बोलतात. प्रत्यक्षात फोनवर आवाज तुटतो आणि ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे कळत नाही. तिथे ‘सॉरी, डिड यू से वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ हे वाक्य शिकणाऱ्याला वाचवतं आणि नेमकं तेच पाठात नसतं. नियम करा: प्रत्येक ऐकण्याच्या संवादात एकदा तरी कोणीतरी पुन्हा विचारेल, आणि आकडा, तारीख किंवा नाव आलं की ऐकणारा ते पुन्हा म्हणून दाखवून खात्री करेल. यंत्राकडून लिहून घेतलेल्या संवादांत हा दोष विशेष दिसतो. सगळी पात्रं सारखीच नम्र आणि सारख्याच लांबीची वाक्यं बोलतात. ते कच्चा माल म्हणूनच घ्या.

ध्वनिमुद्रणाचा वेग मिनिटाला साधारण 150 शब्द हा सहज बोलण्याच्या जवळचा असतो. नवख्यांसाठी संथ हवं असेल तर वाक्यांमधले विराम वाढवा, शब्द ताणू नका. शब्द ताणले की ‘टू’, ‘फॉर’, ‘कॅन’ यांचे बोलण्यातले आखूड उच्चार नाहीसे होतात आणि खऱ्या संभाषणात ते शिकणाऱ्याच्या कानाला ओळखू येत नाहीत.

सुरक्षिततेच्या पाठांना वेगळे नियम लावा. तिथे चुकीची किंमत मोठी आहे. विमानांच्या देखभालीसाठी तयार झालेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशचे काही नियम सरळ उचलण्याजोगे आहेत: सूचनेचं वाक्य 20 शब्दांच्या आत, एका वाक्यात एकच कृती, अट असेल तर ती आधी. ‘इफ द अलार्म साउंड्स, स्टॉप द मशीन’ असं लिहायचं. उलट लिहिलं तर घाईतला वाचक अर्धं वाचूनच कृती करतो. इशाराही कृतीच्या आधी द्यायचा. ‘मस्ट’ सक्तीसाठी, ‘शुड’ शिफारशीसाठी, ‘मे’ परवानगीसाठी. शैलीत विविधता आणायची म्हणून यांची अदलाबदल करायची नाही. असे पाठ त्या कामातल्या जबाबदार माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नयेत, आणि शिकणाऱ्याच्या कामाच्या ठिकाणची लेखी पद्धत पाठापेक्षा वरचढ आहे हे पाठातच छापा.

काही गोष्टींत देशादेशांतला फरक अडचणीत आणतो. 03/04 ही कुठे 3 एप्रिल, तर कुठे 4 मार्च. म्हणून महिना नेहमी अक्षरात. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे कोणता शुक्रवार यावर इंग्रजी बोलणाऱ्यांतच एकमत नसतं, म्हणून वारासोबत तारीख. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश बैठकीत विषय चर्चेला आणण्यासाठी येतं आणि अमेरिकन बैठकीत तो बाजूला ठेवण्यासाठी. पाठात न वापरणंच बरं. ‘प्रिपोन’, ‘डू द नीडफुल’ किंवा उत्तर द्या या अर्थी ‘रिव्हर्ट’ यांवर ‘चूक’ असा शिक्का मारू नका. भारतीय इंग्रजीत ते रूढ आहेत आणि शिकणाऱ्याचे वरिष्ठ ते रोज वापरत असतील. ‘भारतात समजतं, बाहेर गोंधळ होऊ शकतो’ अशी खूण करा आणि शेजारी दुसरा पर्याय द्या.

स्वाध्यायांची तपासणी एका साध्या रीतीने होते. उत्तरं न पाहता दोन जणांनी ते सोडवायचे. उत्तरं जुळली नाहीत तर आधी प्रश्न तपासायचा. ‘आय विल ___ यू टुमारो’ या रिकाम्या जागेत ‘कॉल’, ‘मीट’, ‘ईमेल’ सगळं बसतं, मग एकच उत्तर बरोबर कसं? बहुपर्यायी प्रश्नांत तीन पर्याय पुरतात. चौथा बहुधा जागा भरण्यापुरता असतो. चुकीचे पर्याय शिकणारे खरोखर करतात त्या चुकांतून घ्या, उदाहरणार्थ ‘बाय फ्रायडे’च्या जागी ‘अंटिल फ्रायडे’. बरोबर उत्तर सर्वांत लांब असण्याची खोड फार पसरलेली आहे, तीही तपासा.

नमुना मेलमध्ये खऱ्या माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर नकोत, कंपनीने परवानगी दिली असली तरीही. ईमेल पत्त्यांसाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव मुद्दाम राखीव ठेवलेलं आहे, तेच वापरा. दुसऱ्याचा मजकूर घेताना त्यावरच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यातली (ठरावीक अटींवर मजकूर सर्वांना वापरू देणारा परवाना) अक्षरं वाचा: ‘एनडी’ असेल तर मजकूर सोपा करून वाटता येत नाही, ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर करता येत नाही.

कामाचा क्रम मात्र बदलू नका: लेखक, मग ते काम प्रत्यक्ष करणारा माणूस, मग भाषा-संपादक, मग शिकणाऱ्यांवर चाचणी. काम करणारा माणूस ‘असं कोणी म्हणत नाही’ म्हणून निम्मी वाक्यं काढू शकतो. ती आधीच घासूनपुसून ठेवलेली असली तर संपादकाचे श्रम वाया जातात आणि वाक्यं काढायला कोणाचं मन होत नाही. चाचणीला चार-पाच शिकणारे पुरेत. त्यांना समजावून सांगू नका. कुठे थांबतात, कुठे मागची पानं उलटतात, ते फक्त टिपा.

ध्वनिमुद्रण चाचणीनंतरच करा. एक शब्द बदलला तरी संवादाचा लिखित मजकूर, उत्तरसूची आणि आवाज अशा तीन ठिकाणी दुरुस्ती लागते, आणि आवाजातली राहून जाते. म्हणून प्रत्येक पाठाला आवृत्ती क्रमांक आणि तपासणीची तारीख द्या, आणि तोच क्रमांक ध्वनिफितीच्या नावातही घाला. व्याकरणाचे पाठ दोन-तीन वर्षं टिकतात. ऑनलाइन बैठकीच्या सॉफ्टवेअरमधली बटणं आणि त्यांची नावं ज्यात येतात, ते पाठ दर सहा महिन्यांनी उघडून पाहावे लागतात.