नाटकाचा डिप्लोमा करायचाय, पण पुढे काय?

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारे वडील आणि नुकतीच बारावी झालेली त्यांची मुलगी माझ्याकडे सल्ला विचारायला आले होते. तिला कम्युनिटी कॉलेजमधल्या (कौशल्याचे छोटे अभ्यासक्रम चालवणारं कॉलेज) नाट्यविषयक एक वर्षाच्या डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता. वडिलांचा विरोध नव्हता, धास्ती होती. "मॅडम, शिकू दे की. पण सिरियलमध्ये काम नाही मिळालं तर?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नाटक शिकायचं म्हणजे नटीच व्हायचं, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून मुलीला आधी एवढंच विचारलं, की आजवर नाटकात काय काय केलंस? दोन एकांकिकांत छोट्या भूमिका केल्या होत्या. तिसरीत भूमिका मिळाली नाही, म्हणून प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी आणि विंगेतून कोण कधी आत जाणार हे सांभाळलं. भूमिकांबद्दल ती दोन वाक्यं बोलली. विंगेतल्या कामाबद्दल मात्र थांबेना.

कालिदास कलामंदिरात एखाद्या व्यावसायिक नाटकाचा प्रयोग लागतो, तेव्हा रंगमंचावर चार-पाच नट दिसतात. त्यांच्यामागे नेपथ्य लावणारे, प्रकाश आणि पार्श्वसंगीत चालवणारे, रंगभूषा, वेशभूषा आणि सगळा दौरा अंगावर घेणारा सूत्रधार असतो. प्रकाशाचं क्यू-शीट लिहिता येणं, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता दिवा किती सेकंदांत चढणार किंवा उतरणार हे कागदावर मांडणं, हे कौशल्य संमेलनांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांतही विकलं जातं. शाळांची स्नेहसंमेलनं, बालनाट्य शिबिरं, पथनाट्यं, डबिंग ही कामंही आहेत. यातलं कुठलंही काम पहिल्या वर्षी घर चालवेल असं नाही, आणि तसं वडिलांना सांगितलंही. प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाला नाटकवाले 'नाईट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाईट नाही. मालिकांत पैसे हातात यायला अनेकदा नव्वद दिवस जातात. त्यामुळे मुंबईला जायचंच झालं तर सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखर्च आधी बाजूला हवा. नाशिकहून रोज जाऊन-येऊन चित्रीकरण होत नाही. पंचवटी एक्सप्रेस दादरला पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात, तोवर सकाळची शिफ्ट केव्हाच सुरू झालेली असते.

अभ्यासक्रम कसा पारखायचा, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) चौकटीत अशा एक वर्षाच्या डिप्लोमाला ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि त्यातला साधारण ६० टक्के भाग कौशल्याचा असावा अशी अपेक्षा आहे. माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. वर्गात ते उतरतं का, हे बघायला स्वतः जावं लागतं. गेल्या वर्षी पूर्ण लांबीची नाटकं किती बसवली? प्रत्येक विद्यार्थ्याला अभिनयाशिवाय दुसरा विभाग सांभाळावा लागतो का? दिवे आणि डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) हाताळायला मिळतात की नुसते दाखवतात? प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव येतं? शेवटच्या प्रश्नाला "तुम्ही प्रवेश तर घ्या" असं उत्तर आलं, तर तिथून सरळ उठावं. पोर्टफोलिओसाठी किंवा 'नक्की रोल' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांनाही हाच न्याय. खरी ऑडिशन फुकट असते.

नुसत्या डिप्लोमावर मात्र थांबू नये, यावर आम्ही ठाम होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, शिवाय नाटकांत काम केल्याचा अनुभव. नाट्यविषयात नेट ही पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. हवं, तेही खुल्या वर्गाला ५५ टक्क्यांनी. माध्यमिक शाळेत कायम शिक्षक व्हायचं तर बी.एड. आलंच. पदवी नसेल तर या तिन्ही वाटा बंद. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली आहे. एक वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने चालतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर गावातलंच! बी.ए. तिथून आणि डिप्लोमा इथे, हे गणित वडिलांना पटलं. परीक्षेच्या तारखा आणि तालमी एकमेकांवर येतात, तेव्हा वेळापत्रक हाती आल्याबरोबर दिग्दर्शकाला दाखवायचं, हे मुलीला बजावलं. आयत्या वेळी सुट्टी मागणाऱ्याला पुढच्या नाटकात कोणी घेत नाही.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीबद्दलही वडिलांनी विचारलं. १८ ते २५ वयोगटासाठी दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये हे त्यांनी वाचलं होतं. पण त्या शिष्यवृत्तीला गुरूकडे किंवा संस्थेत आधीचं पाच वर्षांचं शिक्षण लागतं, तेव्हा आत्ता ती हिशेबात धरू नका, असं सांगितलं.

राहिला रात्रीचा प्रश्न, आणि वडिलांच्या मनात खरा तोच होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हौशी संघांच्या तालमी संध्याकाळी सातनंतर सुरू होतात, कारण सगळे नोकरी करून येतात. तालीम कधी संपते, सोबत कोण आहे आणि घरी कोण सोडणार, हे पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शकाशी वडिलांनी स्वतः बोलून ठरवावं, असं सुचवलं. मुलीने नाक मुरडलं. वडिलांनी मात्र खिशातून छोटी डायरी काढली आणि कॉलेजात विचारायचे प्रश्न पुन्हा सांगायला लावले.