ओक्लाहोमातल्या ओकमल्गीसारख्या छोट्या गावाचा मस्कोगी या अमेरिकी मूलनिवासी लोकांशी काय संबंध? आज तिथे त्यांचं काही उरलंय का?

उरलंय म्हणजे काय, राजधानी आहे ती त्यांची! मी टल्सात राहतो, तिथून ओकमल्गी गाडीने तासाभराच्या आत. गावात मधोमध एक दुमजली दगडी इमारत दिसते, छपरावर छोटा मनोरा. हे मस्कोगींचं कौन्सिल हाउस, म्हणजे त्यांची सभागृहं भरायची ती वास्तू, १८७८ ची. या एका वास्तूचे खरेदी-विक्रीचे व्यवहार बघितले तरी गावाशी असलेलं त्यांचं नातं कळतं.

मुळात हे लोक इथले नव्हेत. जॉर्जिया-अलाबामात नद्यांच्या काठी त्यांची गावं होती. ओकमल्गी हे नावही तिकडच्याच नदीचं. १८३६ मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांना तिथून हाकललं. हजारो दगावले. टल्सात वसलेल्या लोचापोका गावच्या मंडळींनी तर आपल्या पवित्र अग्नीची राख सोबत आणली आणि इथे तो पुन्हा चेतवला.

यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये, त्यांनी राज्यघटना लिहिली. सभागृहं दोन: हाउस ऑफ किंग्जमध्ये प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी, हाउस ऑफ वॉरियर्समध्ये एक आणि शिवाय दर २०० माणसांमागे आणखी एक. ओकमल्गीत ही सभागृहं भरत होती तेव्हा ओक्लाहोमा राज्य जन्मायचं होतं; ते झालं १९०७ मध्ये. तोवर वॉशिंग्टनने यांची सामायिक जमीन माणशी तुकडे करून वाटली होती आणि कोर्टंही बंद केली होती. १९१९ मध्ये कौन्सिल हाउस १ लाख डॉलरला नगरपालिकेकडे गेलं. २०१० मध्ये मस्कोगींनी ते परत घेतलं, ३२ लाख डॉलर मोजून! महागाई धरली तरी सौदा महागातच पडला म्हणायचा. डागडुजी होऊन २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे.

मात्र त्यांना निव्वळ बिचारे समजू नका. त्यांच्यातले सधन लोक कृष्णवर्णीय गुलाम बाळगून होते. १८६६ च्या करारात त्या गुलामांना नागरिकत्व मिळालं, ते १९७९ च्या नव्या घटनेने वंशजांकडून काढून घेतलं. ते भांडण पुढे मस्कोगींच्याच कोर्टात गेलं.

आणि २०२० चा मॅकगर्ट खटला. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की यांचं राखीव क्षेत्र कायद्याने कधी रद्द झालंच नव्हतं. टल्साचा बराचसा भाग त्यातच येतो. म्हणून या हद्दीत मूलनिवासी आरोपीवरचा खुनासारखा खटला आता राज्याच्या कोर्टात नाही, केंद्राच्या कोर्टात चालतो.