आधी पाणी भरून बघ

वाशी, सोमवार, ४ मे

प्रिय बाळा,

शनिवारी रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा फोटो मी सकाळी चहाच्या आधी पाहिला. उखडलेली मोरी, मधोमध घमेलं आणि खाली एकच ओळ: 'काकू, चुकलं. हात घालायलाच नको होता.' म्हणून काल नेरूळला तुझ्या घरी येऊन गेले. पण तुझी आई आणि मिस्त्री दोघंही समोर असताना काही गोष्टी बोलता येत नाहीत, आणि फोनवर अंगठ्याने एवढं लिहिणं मला जमत नाही. म्हणून हा कागद.

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी अकरा वर्षं काढली. 'किरकोळ दुरुस्ती, कालावधी आठ दिवस' असे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. आठ दिवसांत संपलेलं एकही काम मला आठवत नाही. तुझा पाचवा आठवडा चालू आहे, त्यात नवल काही नाही. तुला ते नवल वाटतंय, कारण तू व्हिडिओ बघून सुरुवात केलीस. त्या व्हिडिओतलं घर लाकडी चौकटीवर बोर्ड ठोकलेलं असतं. एक बोर्ड काढला की आत पाइप स्वच्छ दिसतो. आपल्याकडे लादीखाली सिमेंट, त्याखाली विटांचे तुकडे, त्याखाली स्लॅब, आणि त्या स्लॅबखाली दुसऱ्या माणसाचं छत. त्यात हे घर रीसेलचं. आधीच्या मालकाने काय झाकून ठेवलंय ते कागदपत्रांत लिहिलेलं नसतं.

तू पहिल्या शनिवारी स्वतः छन्नी-हातोडा घेऊन बसलास, ह्याचं मला खरं तर कौतुक आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तेही माहीत नाही. पण काल तुझा मिस्त्री जे बोलला, त्यावर तू मान हलवलीस, तिथे माझ्या पोटात गोळा आला. 'दादा, ऊपर से केमिकल मार देता हूँ, लादी बिठा देंगे, कुछ नहीं होगा.' माणूस वाईट नाही. हात चांगला आहे त्याचा, हॉलच्या भिंतीचा गिलावा मी हात फिरवून बघितला. पण २० तारखेला त्याच्या भावाचं लग्न आहे, गाडीचं तिकीट काढलेलं आहे. त्याला घाई आहे. तुलाही घाई आहे, कारण तू पस्तावला आहेस. पस्तावलेल्या माणसाला खड्डा डोळ्यांसमोर नको असतो. तो खड्डा झाकून मिळत असेल तर तो वर पैसे द्यायलाही तयार होतो. मला भीती वाटते ती तुम्हा दोघांच्या ह्या घाईची.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९८ साली आम्ही आमची मोरी केली. श्रावण चालू होता, गणपतीला सासरची मंडळी येणार होती. जुनी लादी निघाली तेव्हा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवती विटा काळ्या पडलेल्या, बोट लावलं की चिखल. मिस्त्री म्हणाला, हे सगळं काढायचं तर आठ-दहा दिवस वाढतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कॅलेंडरकडे बघितलं, आणि आम्ही वरून माल टाकून गुलाबी फुलांची लादी बसवली. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. दीड वर्षाने खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. भांडायला नाही. दारातच उभे राहून शांतपणे म्हणाले, 'वहिनी, आमच्या देवघरावर पाणी ठिबकतंय.' त्यांनी देवांवर स्टीलचं ताट धरलं होतं चार दिवस, आणि आमच्याकडे यायचा संकोच केला होता. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गुलाबी लादी सगळी फोडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही दोनदा.

तेव्हा पैशांपेक्षा वाईट गोष्ट दिसली ती त्यांच्या छतात. स्लॅबची सळई उघडी पडून तांबडी झाली होती. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि तो आतून काँक्रीटला ढकलत राहतो. आधी केसाएवढी चीर, मग पोपडा, मग ढलपा. खाडीकाठची खारी हवा त्याला मदतच करते. वाशीत सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोच्या जुन्या, जेएन टाइप म्हणतात त्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. तिथे कारणं पुष्कळ असतील. पण घराघरांतल्या झिरपत्या मोऱ्यांनी काही मदत केली नसेल असं मला कुणी सांगू नये.

तर आता तुझी मोरी. काल मी पाहिलं ते असं: नहाणीच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे ओले आहेत आणि त्यांना कुबट वास येतोय. पाणी बंद करून तुला पाच आठवडे झाले, तरी ओले. म्हणजे ते पाणी जुनं आहे, वर्षांचं. भिंतीतला जुना लोखंडी पाइप मिस्त्रीने छन्नीने टिचकवला तेव्हा बोटाएवढा गंजाचा पापुद्रा खाली पडला. तू तेव्हा फोनवर होतास. मी तो उचलून तुझ्या खिडकीत ठेवलाय. लादी लावायचा मोह झाला की तो हातात घेऊन बघ.

विटांचे सगळे तुकडे काढ. स्लॅब दिसेपर्यंत. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत मोरीचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली असतो आणि तो खड्डा विटांच्या कोब्याने भरलेला असतो. तुझा दहा-बारा गोणी माल निघेल. मग तीन-चार दिवस पंखा लावून नुसतं सुकू दे. हे चार दिवस काही काम होत नाही, मिस्त्री तोंड वाकडं करतो, आई विचारते 'आज काय झालं?' आणि उत्तर 'काही नाही' असतं. ते चार दिवस सहन कर. ओल्या स्लॅबवर मारलेलं केमिकल म्हणजे ओल्या अंगावर लावलेली पावडर.

सुकल्यावर कोपरे. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटचा गोलसर वाटा करून घ्यायचा, कारण वॉटरप्रूफिंगचा थर काटकोनातच तडकतो. थर भिंतीवर निदान फूटभर वर चढव, शॉवर असेल त्या भिंतीला डोक्यापर्यंत. आणि नहाणी ट्रॅप. बाळा, मी पाहिलेल्या दहातल्या आठ गळत्या मधल्या जमिनीतून नव्हत्या, ट्रॅपच्या गळ्याशी होत्या, जिथे प्लास्टिक संपतं आणि सिमेंट सुरू होतं. तिथे मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बस. तो दोन मिनिटांत उरकेल, तू त्याला दहा मिनिटं लावायला लाव.

मग ट्रॅप कापडाने आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून मोरीत चार बोटं पाणी भरायचं. भिंतीवर खडूने पाण्याची रेघ मारायची. तीन दिवस, म्हणजे पूर्ण ७२ तास, हात लावायचा नाही. शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिलाही आतून रेघ मार. मे महिना आहे, थोडं पाणी हवेतच जाईल. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढंच मोरीतलं उतरलं असेल तर ठीक. मोरीतलं जास्त उतरलं, तर लादीची पेटी उघडायचीही नाही. ह्या तीन दिवसांत खालच्या घरी रोज जाऊन त्यांच्या मोरीचं छत बघायचं. हो, स्वतः जायचं. काल जिन्यात त्या बाई भेटल्या, तू पाच आठवड्यांत एकदाही त्यांच्याशी बोलला नाहीस म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर रोज ब्रेकर चाललाय. मिठाई वगैरे नेऊ नकोस, बरं दिसत नाही. नुसता जा, काय चाललंय आणि किती दिवस चालेल ते सांग, आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेव.

पाइप अर्धा बदलू नकोस. मिस्त्रीचा विचार आहे की भिंतीतल्या जुन्या लोखंडी तुकड्याला नवा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप जोडायचा. त्या जुन्या तुकड्याचे आटे पुढच्या वर्षी राहतील का, हे तो पापुद्रा बघून तूच सांग. बाहेरच्या डक्टमधल्या व्हॉल्व्हपर्यंत सगळा नवा टाक. गिलावा करायच्या आधी प्लंबरकडून पंपाने प्रेशर देऊन काही तास काटा उतरतो का ते बघ. आणि भिंत उघडी असताना मोजपट्टी धरून फोटो काढून ठेव: दारापासून किती इंचावर पाइप, जमिनीपासून किती उंचीवर वायर. तीन वर्षांनी टॉवेलचा हुक लावायला ड्रिल घेशील तेव्हा माझी आठवण येईल.

गीझरची वायर आता, भिंत उघडी आहे तोवरच, बदलून घे. दोन हजार वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. काल पाहिलेली वायर दिव्याच्या पॉइंटवरून ओढलेली आहे. गीझरला बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), ह्यावर घासाघीस नाही. आणि खिडकीशेजारचा तो कॉलम. पाइप लपवायला त्यात खाच पाडूया असं कुणी म्हणालं तर काम थांबव. तुमच्या इमारतीला तीस वर्षं होऊन गेली आहेत. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरीकडून तो अहवाल मागून वाच. तुझ्या लाइनमधल्या कॉलमबद्दल काही लिहिलं असेल तर तुला कळायला हवं. अहवाल नाहीच असं म्हणाले, तर पुढच्या सभेत तोंड उघड.

लाद्यांचं सांगायचं राहिलं. जमिनीसाठी आणलेली ती चकचकीत लादी परत कर. दिसते छान, पण आईच्या गुडघ्याची परिस्थिती तुला माहीत आहे, आणि ओल्या चकचकीत लादीवर साबणाचं पाणी म्हणजे बर्फ. न उघडलेल्या पेट्या बहुतेक दुकानदार परत घेतात. खरखरीत मॅट घे. पेट्यांवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना बघ, आणि चार-पाच लाद्या जास्त घेऊन माळ्यावर ठेव. भिंतीची व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटवर ती धरत नाही, वर्षभरात पोकळ वाजायला लागते. तिला ॲडेसिव्हच हवं. उतार मीटरला एक सेंटिमीटर, सगळीकडून नहाणीकडे. दोन तांबे पाणी ओतून बघ, कुठे थबकतंय ते लगेच कळतं.

राबीटच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या, गोण्या जिन्यात ठेवू नकोस, रात्री कुणी अडखळेल. आणि तो टेम्पोवाला स्वस्तात नेतो म्हणाला ना, तो खाडीकाठी खारफुटीत रिकामा करतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. २०१६ पासून बांधकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, तो कुठेही टाकता येत नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून रीतसर ने. चार पैसे जास्त जातील.

पैशांवरून आठवलं. तुझी वही मी चाळली, रागावू नकोस, टेबलावर उघडीच होती. मिस्त्रीला तू कामाच्या निम्म्याहून जास्त उचल आधीच दिली आहेस. आता काम पुढे सरकल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. कोबा निघाला की एक भाग, पाण्याची परीक्षा पास झाली की एक भाग, बाकी लादी घासून झाल्यावर. तो गावाला जाऊ दे. भांडून थांबवलेला मिस्त्री लादी वाकडीच बसवतो. तो जायच्या आधी कोबा काढून घे, तो नसताना सुकवणं होईल, आला की वॉटरप्रूफिंग. काम जूनमध्ये जाईल. जाऊ दे. मोरीवर पाऊस पडत नाही. फक्त रेती आणि सिमेंट आत्ताच घरात घेऊन ठेव.

स्वयंपाकघराचा ओटा मात्र यंदा नको. मोरी उघडी असताना कडाप्पा काढून ग्रॅनाइट लावायचा बेत तू वहीत लिहून ठेवलायस, तो खोड. एका घरात एका वेळी एकच खड्डा. हॉलच्या फॉल्स सीलिंगबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि तो कमोड बाल्कनीतून हलव. आई पाच आठवडे तुझ्याशी नीट बोलत नाही ती धुळीमुळे किंवा खर्चामुळे नाही. तो तुळशीशेजारी ठेवलायस म्हणून. मला चहा देताना हळूच म्हणाली.

अंघोळीला तुम्ही दोघं शेजाऱ्यांकडे जाता ते आईला अवघड वाटतं. तिला काही दिवस माझ्याकडे पाठव, इथे दोन खोल्या रिकाम्याच आहेत. तू राहा तिथे, खड्ड्यावर लक्ष ठेवायला कुणी तरी हवं. आमटी-भात डब्यात देईन.

पाणी भरशील त्या दिवशी फोन कर. खडू मी घेऊन येते, रेघ मीच मारीन.

तुझी,
काकू