अपंग, विकलांग की दिव्यांग? फलकावर काय लिहावे

शहादा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर पूर्वी 'अपंग निधी ३ टक्के' (म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला राखीव वाटा) असे लिहिलेले होते. यंदा रंगकाम निघाले तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी 'दिव्यांग निधी ५ टक्के' लिहायला सांगितले. शाळेतले सर म्हणाले, शुद्ध शब्द विकलांग. आणि कुबडी घेऊन चालणारे गावातले एक आजोबा म्हणाले, "अपंगच राहू द्या, तो सगळ्यांना समजतो." हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांच्या भाचीविषयी. ती बारावीला आहे, तिला सिकलसेल आहे, हातपाय मात्र धडधाकट. तिला दिव्यांग म्हणता येईल का, आणि म्हटले तर तिच्या पदरात काय पडेल?

आधी शुद्धतेचा मुद्दा. विकलांग हा शब्द व्याकरणाने चोख आहे. कला म्हणजे अंश. चंद्राच्या सोळा कला म्हणतो तोच अर्थ. सगळे अंश जागेवर असलेले ते सकल, एखादा अंश उणा असलेले ते विकल. सरांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर. पण विकल शब्द मराठीत जास्त करून व्याकूळ या अर्थाने येतो, आणि विकलांग आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांवरच्या हिंदी पाट्यांतून अधिक ओळखीचा झाला. भुसावळ जंक्शनवर लहानपण गेलेल्या माणसाला तो शब्द पाठ असतो, पण घरात कोणी तो बोलत नाही.

अपंग म्हणजे अप अधिक अंग. संस्कृतच्या नियमाने त्याचे अपांग व्हायला हवे, आणि तसा शब्द संस्कृतात आहेही. पण त्याचा रूढ अर्थ डोळ्याचा बाहेरचा कोपरा. मराठीने मधला 'पा' ऱ्हस्व करून शब्द आपलासा केला. पिढ्यान्‌पिढ्या बोलला-लिहिला गेलेला शब्द मराठीत अशुद्ध ठरत नाही. काही जण अपंगचा संबंध पंगू शब्दाशी लावतात. तसे असते तर सुरुवातीच्या 'अ'मुळे अर्थ उलटाच झाला असता. पंगूच्या घरातला आपला शब्द पांगळा, अहिराणीत पांगया. आंधया, पांगया, मुका हे शब्द आपल्या गावांत शिवी म्हणून कोणी वापरत नाही हे खरे, पण माणसाच्या नावाला एकदा चिकटले की नाव पुसले जाते. पन्नाशीचा माणूस गावभर 'आंधया' म्हणूनच ओळखला जातो आणि त्याचे पाळण्यातले नाव फक्त रेशनकार्डावर उरते. हे मला कधीच सहज वाटलेले नाही.

दिव्यांग या तिघांत सर्वांत नवा. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी विकलांगऐवजी दिव्यांग म्हणावे असे सुचवले, आणि पुढच्या वर्षी केंद्राच्या संबंधित विभागाचे हिंदी नाव बदलून 'दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग' झाले. २०१६ चा कायदा मराठीत आला तो 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' या नावाने. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र मंत्रालयीन विभाग सुरू केला, त्याचे नावही दिव्यांग कल्याण विभाग. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी या शब्दावर सुरुवातीपासून हरकत घेतली आहे: आमच्या शरीरात दैवी काही नाही, आम्हाला देवत्व नको, बरोबरी हवी. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने भारताच्या अहवालावर मत देताना हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. मला ही हरकत पटते. पोलिओने पाय गेलेल्या माणसाला दिव्य म्हणणे म्हणजे त्याची अडचण नजरेआड करणे होय. ज्याला देवाने काही जास्तीचे दिले आहे, त्याच्यासाठी आपण आणखी काय करायचे, असा सोयीचा अर्थ त्यातून निघतो.

तरीही फलकावर दिव्यांग लिहा असेच मी सुचवेन. कारण पुढे सांगतो, आधी त्याहून महत्त्वाचे.

अपंग, विकलांग, दिव्यांग या तिन्ही शब्दांत अंग आहे. उणीव म्हणा की देणगी, तिन्ही शब्द माणसाच्या देहाकडेच बोट दाखवतात. १९९५ चा जुना कायदाही तसाच होता: ७ प्रकारांची यादी, डॉक्टरांनी ठरवायचे टक्के, संपले. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींविषयीच्या हक्क-करारावर शिक्कामोर्तब केले आणि त्याला धरून २०१६ चा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यातली व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिचा आशय असा: शरीर, मन, बुद्धी किंवा ज्ञानेंद्रिये यांची दीर्घकाळची कमतरता, आणि तिची अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे इतरांच्या बरोबरीने समाजात वावरण्यात येणारी बाधा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाय अधू असणे ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी पायरी आहे.

ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोत फलकाच्या बरोबर खाली ओट्याला चार पायऱ्या दिसतात. बाजूला रॅम्प नाही, धरायला कठडा नाही. तुमच्या आजोबांना निधीची यादी वाचायला, अर्ज द्यायला त्याच चार पायऱ्या चढाव्या लागतात. कायद्याच्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून ५ वर्षांच्या आत सुगम्य, म्हणजे सगळ्यांना अडथळ्याविना वापरता येतील अशा, करायला सांगितले होते. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम क्रमांक १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात बंधन नव्हते, शिफारशीचा सूर होता. सक्तीचे किमान निकष ३ महिन्यांत करा, असा केंद्राला आदेश दिला. रंगाऱ्याने शब्द बदलला तरी पायऱ्या तशाच आहेत. रॅम्पचा विषय तुम्ही मासिक सभेत मांडा, त्यासाठी कुठल्याही शब्दाची वाट पाहायची गरज नाही.

आता भाचीचा प्रश्न. याचे उत्तर मी लांबवणार आहे, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा या तालुक्यांत भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार घरोघर माहीत आहे. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणे एवढ्यानेही दुखणे उसळते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मराठीत अंग म्हणजे अवयव आणि अंग म्हणजे अख्खे शरीरही. अंगात कणकण आहे, अंग मोडून आले आहे असे आपण म्हणतो. त्या अर्थाने या मुलीचे अंगच दुखते. पण व्यवहारात दिव्यांग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कुबडी, तीनचाकी, काळा चष्माच येतो, आणि "हिला काय झालंय? चालती-फिरती तर आहे" हे तिला ऐकावे लागते.

कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्तविकार आले. आजार प्रत्यक्ष असलेली तुमची भाची दिव्यांग या व्याख्येत बसू शकते. नुसता वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसलेला पण तो पुढच्या पिढीकडे नेऊ शकणारा माणूस बसत नाही. 'सिकल आहे' असे दोघांनाही सरसकट म्हणतात, त्यातून गोंधळ होतो, म्हणून तिच्या तपासणीच्या कागदावर 'रुग्ण' आहे की 'वाहक' हे आधी पाहा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा जास्त आले तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. तेवढे असेल तर कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या ५ टक्के राखीव जागांवर तिला प्रवेश मागता येतो, वयाची अट ५ वर्षांनी शिथिल होते. आणि याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण ज्या गटांना दिले आहे, त्यांत रक्तविकार नाहीत. कॉलेजच्या दारापर्यंत कायदा तिला दिव्यांग म्हणतो, भरतीच्या जाहिरातीपाशी तिचा रकानाच नाही. २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले, चांगलेच झाले. पण आज बारावीत असलेल्या मुलींचे काय, हा प्रश्न नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत विचारायला हवा असे मला मनापासून वाटते.

धोरण लोकांच्या जिभेवर कसे उतरते तेही पाहण्यासारखे आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या दिवशी रांगेत बसा, 'टक्के किती बसले?' हाच प्रश्न कानी पडेल. "भाऊला ३८ बसले, कामातून गेले." ३८ आणि ४० मध्ये माणसाच्या दुखण्यात फरक पडत नाही, पण हाताशी येणाऱ्या कागदात पडतो: ओळखपत्रावर ४० च्या आत पांढरी पट्टी, ४० ते ७९ पिवळी, ८० पासून निळी. या यूडीआयडी (युनिक डिसॅबिलिटी आयडी) कार्डाचे मराठी नाव 'वैश्विक ओळखपत्र' असे छापले जाते. वैश्विक म्हणजे जगभराचे. इथे अभिप्रेत आहे प्रत्येकाचा एकमेव क्रमांक. 'एकमेव ओळखपत्र' म्हटले असते तर कार्ड कशाचे ते आजीलाही कळले असते.

याहून जास्त खुपणारा शब्द आहे निराधार. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग व्यक्तींना महिन्याचे पैसे मिळतात. गावात त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. दोन कमावते भाऊ शेजारी राहत असले तरी पैसे घ्यायचे तर त्या माणसाने स्वतःला निराधार म्हणवून घ्यायचे. त्याच्याच पुढे लाभार्थी, सवलत, वाटप, दिव्यांग बांधव. बांधवांत बायका कुठे गेल्या हेही कोणी विचारत नाही. १९९५ च्या मराठी नावात 'समान संधी, हक्कांचे संरक्षण' होते, २०१६ च्या नावात थेट हक्क आहे. पण विभाग कल्याणाचा, आयुक्तालय कल्याणाचे, मंडपातला फलक साहित्य वाटपाचा. हक्क असेल तर उशिराचा जाब विचारता येतो. वाटप असेल तर आभार मानायचे असतात. अपंगचे दिव्यांग झाले त्यापेक्षा कल्याणाच्या जागी हक्क आला असता तर तो बदल मला फार मोलाचा वाटला असता. चांगले नाव कसे असते हे पाहायचे तर जळगावात पाहा: दीपस्तंभ फाउंडेशनच्या, दिव्यांग विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करणाऱ्या निवासी प्रकल्पाचे नाव 'मनोबल' आहे. अंगाचा उल्लेखच नाही.

तर फलक. 'दिव्यांग व्यक्तींसाठी राखीव ५ टक्के निधी (स्वउत्पन्नातून)' असे लिहा. दिव्यांग अशासाठी की शासन निर्णय, पोर्टल, प्रमाणपत्र सगळीकडे तोच शब्द आहे, आणि शब्द वेगळा पडला म्हणून अर्ज परत यायला नको. 'व्यक्ती' गाळू नका, विशेषणाचे माणूस करू नका. खाली गेल्या वर्षी किती जमा झाले, कशावर खर्चले, हे आकड्यांत लिहा. बोलताना आजोबांना अपंग म्हटलेले चालत असेल तर तो त्यांचा शब्द आहे, त्यांना दुरुस्त करू नका. तुम्ही त्यांना नावाने हाक मारा. मूकबधिर न म्हणता कर्णबधिर म्हणा, मतिमंदऐवजी बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती. आणि सभेत 'आंधळा कारभार', 'पांगळे प्रशासन' म्हणणे सोडता आले तर सोडा; त्याच सभेत ते ऐकणारा माणूस बसलेला असतो.

भाचीच्या प्रवेशअर्जात 'लाभ मिळावा ही नम्र विनंती' असे लिहू नका. एवढेच लिहा: 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ नुसार राखीव जागेवर प्रवेश मागत आहे. प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे.' अर्ज सरकारी कॉलेजला असेल तर त्याच अर्जाच्या तळाशी तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव विचारा. कलम २३ प्रमाणे असा अधिकारी प्रत्येक शासकीय आस्थापनेत नेमलेला असला पाहिजे. वेगळ्या अर्जात, परीक्षेच्या वेळी पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि पंखा-खिडकीपासून लांबची जागा द्यावी असेही मागा. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत तिला त्याची गरज पडेल.