वेस्टर्न बघायला घेताय? सुरुवात लहान करा

वेस्टर्न म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेतले, घोडेस्वार आणि बंदुकांचे सिनेमे. पहिलाच सिनेमा दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा पावणेतीन तासांचा नको. बहुतेक जण तिथेच फसतात, अर्ध्यात डुलक्या काढतात आणि 'वेस्टर्न संथच' असा शिक्का मारून मोकळे होतात.

'हाय नून' (१९५२) घ्या. जेमतेम ८५ मिनिटं. बाराच्या गाडीने खुनी येणार, मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) मदत मागत दारोदार फिरतो. भिंतीवरच्या घड्याळांवर नजर ठेवा, कारण पडद्यावरचा वेळ जवळजवळ आपल्याच घड्याळाने सरकतो. चर्चमधली चर्चा नीट ऐका. सोसायटीची मीटिंग सोसलेल्या कुणालाही त्या सबबी ओळखीच्या वाटतील!

मग त्याच आठवड्यात 'रिओ ब्राव्हो' (१९५९). मदतीसाठी हात पसरणारा मार्शल दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सना पटला नाही, म्हणून त्यांनी हे उत्तर दिलं. इथला शेरीफ हौशी लोकांची मदत नाकारतो. तुम्हाला कोण पटतो? तुमचं पहिलं खरं मत इथे तयार होईल.

सुरुवातीच्या चुका:
- विरार लोकलमध्ये मोबाइलवर बघणं. 'द सर्चर्स'मधले (१९५६) लांबचे घोडेस्वार मुंग्या होतात. शेवटची दारातली चौकट तर टीव्हीवरच बघा.
- 'भारी', 'टाइमपास' लिहून थांबणं. त्याच रात्री चार ओळी लिहा, त्यात एक प्रसंग हवाच.
- मूळ अमेरिकन लोकांचं चित्रण खटकलं तरी 'तेव्हाचा काळ तसा' म्हणून गप्प बसणं. खटकलं ते लिहा.

पुस्तकांत सध्या फक्त 'शेन' (१९४९). छोटी कादंबरी आहे, एका मुलाने सांगितलेली. बाकीचं दहा सिनेमे झाल्यावर विचारा.