कैरोच्या दुकानात मिळणारा, चित्रं असलेला पपायरस (वनस्पतीपासून बनवलेला कागद) खरा आहे हे कसं ओळखायचं?

कागद उजेडासमोर धरा: खऱ्या पपायरसमध्ये उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी दिसते आणि त्यांतल्या तपकिरी शिरा कुठे जाड, कुठे अगदी बारीक असतात. याचं कारण तो बनवण्याच्या पद्धतीत आहे. पपायरस या पाणवनस्पतीच्या तिकोनी देठाची हिरवी साल सोलून आतल्या पांढऱ्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या कापतात, पाण्यात भिजवतात, मग एक थर उभा, त्यावर एक आडवा रचून दाबाखाली वाळवतात. डिंक लागत नाही, गाभ्यातला चिकटपणाच पुरतो. बऱ्याच दुकानांत हे तुमच्यासमोर करून दाखवतात. ते जरूर बघा, फार सुंदर असतं. पण भिंतीवरचा माल त्याच कागदाचा आहे असं धरून चालू नका. केळीच्या पानांची नक्कलही विकली जाते. ती गुंडाळताना तडकते, खरा पपायरस सहज गुंडाळला जातो. मात्र कागद खरा म्हणजे चित्रही हाताने काढलेलं, असं नाही. शेजारी हुबेहूब तसंच दुसरं चित्र टांगलेलं असेल तर ते छापील समजा आणि त्याच हिशोबाने भाव करा.